टाकीचं अस्तर

टाकीला आतून कातडं असतं आणि ते मोजावं लागतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत सांगितलं असेलही. पण भूमितीच्या तासाला मी खिडकीजवळ बसायचो, आणि खिडकीतून जे दिसायचं त्याला पृष्ठफळ वगैरे काही नव्हतं. ‘घन’, ‘शंकू’, ‘वृत्तचिती’ हे शब्द कानावरून गेले तेवढेच. वृत्तचिती म्हणजे एखादा अंत्यविधी असावा अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी आहे. कसा झालो ते विचारू नका. ज्या सभेत माझी निवड झाली त्या सभेला मी हजर नव्हतो, एवढं सांगितलं की जाणकारांना कळेल. चार मजले, बारा बिऱ्हाडं आणि गच्चीवर एक जुनी लोखंडी पत्र्याची टाकी. खाली गोल डब्यासारखी, वर अर्ध्या चेंडूसारखा घुमट. लांबून पाहिलं तर टोपी घातलेला लठ्ठ माणूस पाठमोरा उभा आहे असं वाटतं.

या लठ्ठ माणसाला आतून गंज चढला. नळाला आधी फिकट, मग कडक चहाच्या रंगाचं पाणी यायला लागलं. लोकांनी महिनाभर ते सोसलं, कारण सोसलं नाही तर काहीतरी करावं लागतं. माझ्या घरी मात्र सोसण्याची सोय नव्हती. माझी बायको घरी शिवणकाम करते. एका दवाखान्याच्या नर्सबाईंचे चोवीस पांढरे कोट तिच्याकडे शिवायला आले होते. शिवण्याआधी तिनं सगळं कापड रीतीप्रमाणे पाण्यातून काढलं आणि दोरीवर टाकलं. वाळल्यावर पाहते तर त्यावर तपकिरी नकाशे उमटलेले!

ती ओरडली वगैरे नाही. नुसतं एक कापड माझ्यासमोर धरून म्हणाली, “सेक्रेटरीसाहेब.”

लग्नाला एकवीस वर्षं झाली. ती मला ‘अहो’ म्हणते. ‘सेक्रेटरीसाहेब’ म्हणाली तेव्हाच मी चपला घातल्या.

रंगारी ओळखीचा निघाला. त्यानं टाकीवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला, डॉक्टरसारखा चेहरा केला आणि सांगितलं की पत्रा अजून ठणठणीत आहे; आतून खरवडून लेप दिला की वीस वर्षं बघायला नको. “मात्र लेप पाणीखात्याच्या भांडारातला हवा. पिण्याच्या पाण्याला दुसरा चालत नाही. आणि ते लोक जेवढं क्षेत्रफळ लिहाल तेवढाच देतात.”

“मग कमी पडला तर?”

“कमी पडून चालणारच नाही, साहेब. दोन डबे एकमेकांत कालवायचे, आणि कालवला की सहा तासांत दगड. जेवढा भाग राहील तिथून गंज आत शिरतो आणि सगळा लेप पापुद्र्यासारखा सुटून येतो. मग परत तीन वर्षं अर्ज करता येत नाही.”

“आणि जास्त आणला तर?”

“जास्त देतच नाहीत.”

म्हणजे आकडा बरोबरच हवा होता. माझ्या आयुष्यात बरोबर आकड्याची गरज याआधी फक्त फोन लावताना पडली होती.

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या सल्लागारांची ओळख करून दिली पाहिजे. ते कुठेतरी सल्लागार होते असं नाही. ते सर्वत्र सल्लागार होते. इमारतीत कुणी खिळा ठोकला तरी ते दाढी अर्धी टाकून येत. जिन्यातच त्यांनी मला गाठलं.

“मोजायचं कशाला? टाकी एकवीस हजार लिटरची आहे. कागदोपत्री आहे. एकवीस हजार लिहा आणि मोकळे व्हा!”

मला ते पटलं. अशा वेळी जे कष्ट वाचवतं ते मला लगेच पटतं. मी ऐटीत रंगाऱ्याला फोन केला. तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “साहेब, लिटर हे पोटाचं माप झालं. मला कातडं सांगा.”

पोट आणि कातडं. मी या दोन शब्दांचा दिवसभर ऑफिसात विचार केला. आमच्या आवक-जावक विभागात विचार करायला भरपूर वाव असतो. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ पोटानं माझ्या दुप्पट आहेत. मग त्यांचं कातडंही माझ्या दुप्पट असेल का? त्यांना विचारून चालण्यासारखं नव्हतं. मी डोळ्यांनीच मोजत होतो तर त्यांनी शर्टाची बटणं तपासली.

पुढचा टप्पा पाणीखातं. खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनांनी अर्ज दिला. त्यात तीन रकाने: लांबी, रुंदी, उंची.

“टाकी गोल आहे,” मी म्हणालो.

“असू दे की.”

“गोल टाकीला लांबी-रुंदी नसते.”

कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. “रुंदी नाही तर मग ती टाकी उभी कशावर आहे?”

याला उत्तर होतं, पण ते मला खिडकीपासून घरापर्यंत चालत आल्यावर सुचलं. सुदैवाने कारकून अगदीच पाषाण नव्हते. अर्जाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, “हे बघा, इथे ‘एकूण क्षेत्रफळ’ असा रकाना आहे. तिथे एक आकडा लिहा. एकच लिहा. दोन लिहिले तर अर्ज परत.”

ह्या एका रकान्याने पुढे काय घात केला ते येईलच.

टाकी धुण्याचा दिवस ठरला. सकाळी पाणी सोडून टाकी रिकामी केली आणि बायकोची शिवणकामाची टेप गळ्यात घालून मी गच्चीवर गेलो. टेप दीड मीटरची. टाकीचा घेर मोठा. म्हणजे टेप लावायची, खडूची खूण करायची, पुढे सरकायचं. पहिल्या फेरीत घेर भरला सात मीटर तीस. दुसऱ्या फेरीत दहा मीटर तीस. टाकी एका फेरीत तीन मीटर फुगते हे मला जरा चमत्कारिक वाटलं. मग लक्षात आलं की पहिल्या वेळी एक टेप मोजायची राहिली होती आणि दुसऱ्या वेळी एक जास्त मोजली होती. तिसऱ्या वेळी मी मोठ्याने मोजत गेलो आणि आठ मीटर ऐंशी भरले. चौथ्यांदा मोजायचा मोह मी आवरला.

मग आतली उंची. सल्लागारांचं मत, “आतलं माप आतूनच घ्यावं.” मी घुमटावरच्या झाकणातून, दोरीच्या शिडीवरून, आत उतरलो. आत काळोख, गंजाचा वास आणि आवाज असा घुमतो की साधं ‘हुश्श’ केलं तरी देवदूत उतरल्यासारखं वाटावं. एकटा माणूस, घुमणारी जागा. मी थोडं गायलो. मग टेप हातातून निसटली, गुडघा पत्र्यावर आपटला, आणि मी मन मोकळं केलं. म्हणालो, “सल्लागार म्हणे! अर्धी दाढी घेऊन हिंडतो. याला एकदा या टाकीत उतरवून वरून झाकण लावलं पाहिजे!”

टाकी रिकामी म्हणजे नळ्याही रिकाम्या. आणि पाणी कधी येतंय म्हणून बाराही बिऱ्हाडांनी मोऱ्यांमधले नळ उघडे ठेवले होते. माझं गाणं आणि माझं मत ही दोन्ही प्रत्येक मोरीत स्वच्छ पोचली. पाणीही कधी आलं नसेल इतकं स्वच्छ.

मी खाली उतरलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर सल्लागार दारात उभे होते. एका गालाला साबण.

“कधी उतरू?” ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त सूचनाफलकावरून बोलायला लागले.

घरी येऊन मी आकडे मांडले. घेर आठ मीटर ऐंशी, डब्याची उंची अडीच मीटर, वर घुमट. पुढे काय करायचं ते सुचेना. मी सगळ्यांची बेरीज केली, मग गुणाकार केला, मग जे उत्तर जास्त भारदस्त दिसत होतं त्याखाली रेघ मारली. बायको मशीनवर बसून हे बघत होती. पायडल थांबवून म्हणाली, “अहो, नेमकं काय करायचंय टाकीला?”

“आतून लेप द्यायचाय. सगळीकडून, तळापासून घुमटापर्यंत.”

“म्हणजे अस्तर लावायचंय. मग असं बोला की! अस्तराला कापड किती लागेल, एवढंच ना?”

तिनं टेबलावरून एक तयार बाही उचलली, शिवण उसवली आणि माझ्यासमोर पसरली. गोल बाहीचा सरळ चौकोनी तुकडा झाला. “बाही गोल दिसते. कापड गोल असतं का? घेर ही एक बाजू, लांबी ही दुसरी. आता टाकी म्हणजे एक मोठी बाही.”

आठ पूर्णांक आठ गुणिले अडीच. बावीस! बरोब्बर बावीस चौरस मीटर. शिल्लक काही नाही. मी उठून उभा राहिलो. गणित सुटल्यावर माणसाला उभं राहावंसं वाटतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तळ म्हणजे एक वर्तुळ. त्याचं सूत्र माझ्या डोक्यात कुठल्यातरी कोपऱ्यात अजून जिवंत होतं. घेरावरून त्रिज्या काढली, एक मीटर चाळीस. वर्तुळ निघालं सहा पूर्णांक सोळा.

“आणि घुमट?” मी विचारलं. “तो कसा उसवणार?”

ती कपाटातून टोप्या शिवायचा लाकडी साचा घेऊन आली. बरोबर अर्धा चेंडू. तिनं पायपिंगची जाड दोरी घेतली आणि माथ्यापासून खालपर्यंत, एकाला एक चिकटवून, साच्यावर गुंडाळत आणली. लाकूड दिसेनासं झालं तिथे कापली. मग साच्याचा तळ कागदावर ठेवून पेन्सिलीनं वर्तुळ काढलं आणि म्हणाली, “आता हीच दोरी उलगडून या वर्तुळात भरा.”

मी जिलेटीनचा बॉम्ब हाताळावा तशी ती दोरी मध्यापासून गोल गोल बसवत गेलो. वर्तुळ भरलं. हातात दोरी उरली. उरलेल्या दोरीसाठी दुसरं वर्तुळ काढलं. तेही भरलं, आणि दोरी संपली. अगदी काठाला येऊन संपली.

“दोन?” मी म्हणालो.

“दोनच. टोपीला तळाच्या दुप्पट कापड लागतं. शिवण वेगळी.”

माझा विश्वास बसेना. मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा दोन वर्तुळं. वाकडातिकडा, फुगलेला, कुठूनही सरळ नसलेला घुमट, आणि त्याचा हिशेब इतका सरळ! शाळेत कुणी अशी दोरी हातात दिली असती तर मी आज आवक-जावक विभागात नसतो. निदान जावक बाजूला तरी असतो.

घुमट बारा पूर्णांक बत्तीस, बाही बावीस, तळ सहा पूर्णांक सोळा. एकूण चाळीस पूर्णांक अठ्ठेचाळीस चौरस मीटर. मी तो आकडा सुवाच्य अक्षरात ‘एकूण क्षेत्रफळ’ या रकान्यात लिहिला, खाली सही ठोकली, आणि कारकुनांना अर्ज देताना थोडा हसलो. ते हसले नाहीत.

आठ दिवसांनी नोटीस आली.

नोटीस पाणीखात्याची नव्हती. शेजारच्या बांधकाम शाखेची होती. तिचा मराठीतला अर्थ असा: आपल्या इमारतीच्या गच्चीवर मंजूर नकाशाप्रमाणे टाकीसाठी सहा पूर्णांक सोळा चौरस मीटर जागा आहे. आपण स्वतःच दिलेल्या अर्जाप्रमाणे तेथील क्षेत्रफळ चाळीस पूर्णांक अठ्ठेचाळीस आहे. सबब आपण चौतीस पूर्णांक बत्तीस चौरस मीटरचं अनधिकृत बांधकाम केल्याचं सिद्ध होत आहे. सात दिवसांत हजर राहून खुलासा करावा, अन्यथा टाकीसह ते पाडण्यात येईल. अर्थात लेपाचा अर्जही तोवर स्थगित.

वजाबाकी अचूक होती, हे मला मान्य केलंच पाहिजे.

अर्ध्या तासात जिन्यात सभा भरली. सल्लागारांनी सूचनाफलक सोडून तोंडाने बोलायला सुरुवात केली, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

“चौतीस चौरस मीटर! अहो, त्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बसतं. सेक्रेटरींनी वर घर बांधलंय!”

“कुठे आहे घर?” मी ओरडलो. “वर जाऊन बघा!”

लोक खरंच वर जाऊन आले. परत आले ते अधिकच संशयाने. चौथ्या मजल्यावरच्या मावशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “कुणाला सांगत नाही मी. पण माझ्या भाच्याला जागा हवीये. त्याला आधी दाखवा.”

रविवारी माझ्यावर अविश्वासाचा ठराव मांडायचं ठरलं. ज्या पदावर मला न विचारता बसवलं, त्याच पदावरून मला विचारपूर्वक काढणार होते. खरं तर मी आनंदानं उडी मारायला हवी होती. पण मला फार लागलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी एकच गणित बरोबर सोडवलं होतं, आणि त्याबद्दल मला शिक्षा होत होती.

बांधकाम शाखेत गेलो तर तिथल्या टेबलावर तेच खिडकी क्रमांक चारचे कारकून. सकाळी पाणी, दुपारी बांधकाम.

“पण तिथे काहीही बांधलेलं नाही!” मी म्हणालो.

“ते खरं आहे,” कारकून फाईल चाळत म्हणाले. “आमचे निरीक्षक काल येऊन गेले. त्यांना बांधकाम दिसलं नाही.”

“मग?”

“तसा शेरा त्यांनी मारलाय. ‘बांधकाम कौशल्याने दडवलेले आहे.’”

सुनावणी शुक्रवारी, उपअभियंता मॅडमसमोर. मी घरी येऊन खुर्चीत बसून राहिलो. बायकोनं नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, “माणसं शहाणी आहेत हो. त्यांना कापड बघायला मिळालेलं नाही, एवढंच.”

आणि ती शिवायला बसली.

शुक्रवारी आम्ही दोघं पिशवी घेऊन हजर झालो. मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड, टेबलावर फायलींचे तीन ढीग आणि मधोमध थोडी मोकळी जागा. कारकून शेजारी उभे. त्यांनी प्रकरण वाचून दाखवलं. वाचताना ‘चौतीस पूर्णांक बत्तीस’ वर असा जोर दिला की मलाच क्षणभर वाटलं, बांधलंही असेल मी काहीतरी.

“काय म्हणणं आहे तुमचं?” मॅडमनी विचारलं.

मी तयारी केलेलं भाषण सुरू केलं. “मॅडम, क्षेत्रफळ आणि पृष्ठफळ या दोन संकल्पनांमध्ये...” आणि पुढचं विसरलो. तोंड उघडं, आवाज नाही. बायकोनं शांतपणे पिशवीतून टाकी काढली.

कापडाची टाकी. आमच्या टाकीच्या एक दशांश. खाली गोल तळ, उभा डबा, वर आठ कळ्यांचा, म्हणजे आठ निमुळत्या तुकड्यांचा घुमट, आत जाडसर कॅनव्हास भरून ताठ केलेली. नर्सबाईंच्या कोटांचं जे कापड डागाळलं होतं त्यातलीच. जागोजागी तपकिरी नकाशे. तिनं ती टेबलावरच्या मोकळ्या जागेत ठेवली. बरोबर मावली.

“ही आमची टाकी,” बायको म्हणाली. “तुमच्या टेबलावर हिनं किती जागा घेतलीय?”

“एवढीशी,” मॅडम म्हणाल्या, आणि बोटानं तिच्याभोवती गोल काढला.

“तेच तुमचे सहा पूर्णांक सोळा. आता बघा हं.”

घुमटाच्या माथ्याला ठेवलेल्या भोकातून तिनं आतला कॅनव्हास ओढून काढला. बाहेरची शिवण तिनं कच्च्या टाक्याची घातली होती, एकाच लांब दोऱ्यात. त्या दोऱ्याचं टोक तिनं माझ्या हातात दिलं. “ओढा,” ती हळूच म्हणाली.

मी ओढला. सर्रर्र! घुमट आठ कळ्यांत फुलला, डबा उलगडून लांब पट्टा झाला, तळ सुटून वेगळा पडला. बायकोनं तुकडे पसरत नेले. मोकळी जागा संपली. कापड फायलींवर चढलं. लांब पट्ट्याचं टोक टेबलाच्या कडेवरून कारकुनांच्या चहाच्या कपात उतरलं.

“हे चाळीस पूर्णांक अठ्ठेचाळीस,” मी म्हणालो. आवाज परत आला होता. “हे जमिनीवर नाही, मॅडम. हे टाकीच्या अंगावर आहे. आतल्या अंगावर. लेप त्याला द्यायचाय.”

मॅडम खुर्चीत पुढे वाकल्या. त्यांनी एक कळी उचलली, परत वळवून बघितली, दुसरीला लावून बघितली. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि ओळखलं. दोरीनं दुसरं वर्तुळ भरलं तेव्हा माझा चेहरा असाच झाला असणार.

पण कारकून इतक्यात हार मानणारे नव्हते. “मॅडम, कापड ठीक आहे. पण अर्जात क्षेत्रफळ म्हणजे जागा. एवढं क्षेत्रफळ म्हणजे एवढी जागा व्यापली. नियमात टाकीला वेगळं काही नाही.”

आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर घरी पोचण्याच्या आधी सुचलं.

“साहेब, तुमच्या शर्टाला कापड किती लागलं?”

कारकुनांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं एका नजरेत माप घेतलं. “सव्वादोन मीटर. पोटाला जरा सैल ठेवायचा तर अडीच.”

“अडीच मीटर कापड!” मी म्हणालो. “आणि तुम्ही उभे आहात दोन फरश्यांवर. मग उरलेल्या कापडाइतकं अनधिकृत बांधकाम तुम्ही या कार्यालयात रोज घेऊन येता, असं समजायचं का?”

मॅडमना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला. गंमत म्हणजे कारकूनही हसले. आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग पायाखालच्या फरश्यांकडे, आणि एकदम म्हणाले, “अरेच्चा! म्हणजे माणूस जाड झाला की जागा थोडी वाढते आणि शर्ट जास्त वाढतो, तसं होय!”

हे गणित बरोबर आहे की नाही ते मी विचारलं नाही. अशा क्षणी माणसाला अडवू नये.

मॅडमनी फाईलवर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘सदर आकडा टाकीच्या आतील पृष्ठभागाचा असून जागेचा नाही. प्रत्यक्ष उसवून दाखवण्यात आले. नोटीस रद्द. लेप चाळीस पूर्णांक अठ्ठेचाळीससाठी तातडीने द्यावा.’ सही केली, आणि बायकोला विचारलं, “ही एक कळी ठेवून घेऊ का?”

“सगळीच ठेवा,” बायको म्हणाली. “परत शिवायची असेल तर टाके आखून दिलेत.”

जिन्यानं उतरताना माझी चाल बदललेली होती असं ती नंतर म्हणाली. रविवारच्या सभेत मी मॅडमच्या शेऱ्याची प्रत वाचून दाखवली. ‘प्रत्यक्ष उसवून दाखवण्यात आले’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सल्लागारांकडे बघून. अविश्वासाचा ठराव कुणी मांडलाच नाही. मावशी तेवढ्या हिरमुसल्या.

लेपाचा दिवस उजाडला. भांडारातून आलेले दोन डबे, ना कमी ना जास्त. रंगाऱ्यानं ते मोठ्या बादलीत कालवले आणि घड्याळ बघितलं. बाराही बिऱ्हाडं गच्चीवर. सल्लागार दोन्ही गालांची दाढी पुरी करून आलेले.

आधी घुमट. मग बाही, वरून खाली. मी घुमटावर झाकणाशी पालथा पडून शिडी धरून आत बघत होतो. अर्धी बाही झाली तेव्हा सल्लागारांनी खालून बादलीची चौकशी केली आणि मी सांगताच म्हणाले, “अर्ध्याच्या खाली गेली. पुरत नाही.” पाऊण झाली तेव्हा म्हणाले, “मी सांगून ठेवतो. पुरत नाही.” बाही संपली. बादलीत तळाला लेप होता आणि अख्खा तळ बाकी होता. रंगाऱ्यानं वर पाहिलं. काळोखात मला त्याचे डोळे तेवढे दिसले.

“साहेब, आकडा नक्की ना?”

मला चोवीस कोट आठवले, तीन वर्षं आठवली, बारा नळ आठवले. मी मान वळवली. बायको गच्चीच्या कठड्याशी उभी होती, हाताची घडी घालून. तिनं फक्त मान हलवली. कापड बेतून कात्री लावल्यावर ती जशी मान हलवते तशी.

“नक्की!” मी आत ओरडलो. “मार!”

रंगारी कडेनं सुरू करून मध्याकडे सरकत आला. शेवटी दोरीच्या शिडीला लोंबकळून त्यानं पायाखालचा हातभर तुकडाही रंगवला. तळ पुरा झाला. तो वर आला, आणि बादलीत अजून चार बोटं लेप होता.

“जास्त आला!” सल्लागार आनंदानं ओरडले. “म्हणजे सेक्रेटरींचं गणित चुकलंच!”

मीही गोंधळलो. तेवढ्यात रंगाऱ्यानं बाजूला ठेवलेलं झाकण उचललं, उलटं केलं आणि तो चार बोटं लेप त्यावर ओतून ब्रशनं पसरला. काठापासून काठापर्यंत. बादली कोरडी झाली. घुमटाला जिथे भोक होतं तिथला लेप वाचला होता, आणि तो बरोबर त्या भोकाच्या झाकणाला पुरला.

गच्चीवर टाळ्या पडल्या. सल्लागार माझ्याजवळ आले, थोडा वेळ झाकणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “माझ्या पुतणीच्या घराच्या छपराला पत्रे टाकायचेत. तुम्ही जरा येऊन मोजाल का?”

“बघू,” मी म्हणालो. एवढ्या रुबाबात मी ‘बघू’ कधी म्हटलं नव्हतं.

लेप वाळायला चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी, पाणी सोडण्याआधी, बायको म्हणाली, “मला आत बघायचंय.” टाकीवर चढायला ती कधीच तयार नसे. मी खालून शिडी धरली, ती घुमटापर्यंत गेली, झाकण सरकवलं आणि खांद्यापर्यंत आत वाकली. बराच वेळ वाकलेली. हात लांब करून घुमटाच्या आतल्या बाजूवरून फिरवत होती. मी वाट बघत राहिलो. नर्सबाईंनी नवं कापड पाठवलं होतं, ते खाली बादलीत भिजायची वाट बघत होतं.

शेवटी तिनं डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, कपाळावर धूळ.

“अहो,” ती म्हणाली, “एक चुणी नाही. कुठेच. असं अस्तर मला जन्मात लावता आलं नसतं.”

एवढं बोलून ती खाली उतरली आणि कोटांकडे गेली. मी तिथेच थोडा वेळ शिडी धरून उभा राहिलो. शिडीवर कुणीही नव्हतं.